मुंबईचं सागवान, हार्टलपूलचा धक्का

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या हार्टलपूल बंदरात ‘एचएमएस ट्रिंकोमाली’ हे जहाज दोनदा आलं. पहिल्यांदा १८६२च्या सुमाराला, नौदलाच्या राखीव दलातल्या खलाशांना तोफा चालवायला शिकवण्यासाठी. दुसऱ्यांदा १९८७च्या जुलैमध्ये, पोर्ट्समथहून एका बार्जवर लादून, कारण स्वतःच्या बळावर समुद्र कापण्याच्या अवस्थेत ते उरलेलं नव्हतं. पहिल्या खेपेला ते गावाला काही शिकवायला आलं होतं. दुसऱ्या खेपेला गावाने त्याला हात दिला. आज हार्टलपूलला येणारा पाहुणा आधी या जहाजाच्या तीन डोलकाठ्या बघतो आणि मग गावाकडे वळतो.

हे जहाज आपल्या मुंबईत, पारशी कारागिरांच्या देखरेखीखाली, मलबारच्या सागवानातून घडलं. पाण्यावर तरंगत असलेली ब्रिटनची सर्वांत जुनी युद्धनौका म्हणून आज त्याची ओळख आहे. ब्रिटिश नौसेनानी नेल्सनचं ‘व्हिक्टरी’ वयाने मोठं, पण ते १९२२ पासून पोर्ट्समथच्या सुक्या गोदीत बसून आहे. ट्रिंकोमाली अजून पाण्यात आहे.

एखाद्या संस्थेची वाटचाल सांगायची तर संस्थापक, घटना, वर्धापनदिन अशी सरळ रेघ काढता येते. इथे ती निघत नाही. या जहाजाचं जतन करावं असं पहिली ऐंशी वर्षं कुणाच्या मनातही आलं नव्हतं. पुढे ज्यांनी ते वाचवलं, त्यांतल्या बहुतेकांना इतिहासापेक्षा जास्त गरज होती ती एका जागेची, एका शाळेची, एका रोजगाराची. दर पिढीत कुणाला तरी या जहाजाकडून काही काम करून घ्यायचं होतं, आणि म्हणून ते टिकलं.

मुंबईच्या गोदीत

१७३६ मध्ये सुरतेहून लवजी नसरवानजी वाडिया ईस्ट इंडिया कंपनीच्या बोलावण्यावरून मुंबईला आले. सोबत मोजके सुतार होते. त्यांच्या हाताखाली मुंबईची सुकी गोदी उभी राहिली आणि पुढे दीडशे वर्षं ‘मास्टर बिल्डर’ हे पद त्यांच्याच घराण्यात राहिलं. लवजींचे नातू जमशेटजी बोमनजी यांच्या काळात या गोदीचं नाव थेट लंडनच्या नौदल कचेरीत घेतलं जाऊ लागलं. १८१० मध्ये त्यांनी ७४ तोफांचं ‘मिंडेन’ पाण्यात सोडलं. त्याच सुमाराला डंकन गोदी पूर्ण झाली आणि मोठी जहाजं बांधण्याची सोय वाढली.

नेपोलियनशी चाललेल्या लढाईत इंग्लंडची ओकची जंगलं आटत चालली होती. सागवान त्यावरचा उतारा होता, आणि अनेक बाबतींत तो ओकपेक्षा सरस ठरला. ओकमधल्या आम्लाने लोखंडी खिळे-बोल्ट खाल्ले जातात, तर सागवानातलं तेल त्यांना सांभाळतं. सागवान सहज कुजत नाही, वाळवीला दाद देत नाही, उन्हापावसात फारसं वेडंवाकडं होत नाही. मुंबईची जहाजं दीर्घायुषी निघाली त्यात हा मोठा भाग होता.

ट्रिंकोमालीची मागणी १८१२ मध्ये नोंदवली गेली. ‘लीडा’ वर्गाचं हे फ्रिगेट, म्हणजे मध्यम आकाराची वेगवान युद्धनौका. त्याचा आराखडा फ्रेंचांकडून १७८२ मध्ये जिंकलेल्या ‘हेबे’ या जहाजावर बेतलेला होता. या आराखड्याचे नकाशे घेऊन मुंबईला निघालेलं ‘जावा’ हे जहाज डिसेंबर १८१२ मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्यापुढे अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’च्या हाती पडलं आणि नकाशेही गेले. दुसरा संच मुंबईला पोचेपर्यंत वेळ गेला. मे १८१६ मध्ये जमशेटजींनी जहाजाच्या कण्यात नाव कोरलेला चांदीचा खिळा ठोकला. जहाजाला आयुष्य लाभावं म्हणून पारशी रीतीप्रमाणे केलेला तो विधी होता. १२ ऑक्टोबर १८१७ रोजी जहाज पाण्यात उतरलं. खर्च आला सुमारे २३ हजार पौंड.

तोवर ज्या लढाईसाठी हे बांधलं ती संपून दोन वर्षं झाली होती. म्हणजे जहाज जन्माला आलं तेच बिनकामाचं.

राखीव ते कवायत

१८१९ मध्ये ट्रिंकोमाली पोर्ट्समथला पोचलं आणि डोलकाठ्या उतरवून राखीव जहाजांच्या रांगेत उभं राहिलं. पंचवीसहून अधिक वर्षं ते तसंच होतं. नव्या लाकडाचं जहाज इतकी वर्षं उभं ठेवलं तर सहसा आतून पोखरलं जातं, पण इथे सागवान कामी आलं. १८४५ मध्ये दुरुस्तीला घेतलं तेव्हा सांगाडा धड होता. मागची बाजू नव्या पद्धतीने घडवली, तोफांची संख्या कमी करून त्या जागी जड तोफा बसवल्या आणि २६ तोफांचं कॉर्व्हेट म्हणून १८४७ मध्ये ते सेवेत रुजू झालं.

प्रत्यक्ष समुद्रावरची त्याची कारकीर्द दोनच फेऱ्यांची. १८४७ ते १८५० या काळात उत्तर अमेरिका आणि वेस्ट इंडिज. १८५२ ते १८५७ या काळात कॅप्टन वॉलेस ह्यूस्टन यांच्या हाताखाली प्रशांत महासागर. क्रिमियन युद्धाच्या दिवसांत ते त्या बाजूला गस्त घालत होतं. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर व्हॅंकुव्हर बेटाच्या आसपास ‘ट्रिंकोमाली चॅनल’ आणि ‘ह्यूस्टन पॅसेज’ ही नावं आजही नकाशावर आहेत. मोठी लढाई मात्र या जहाजाच्या वाट्याला कधी आली नाही. व्हिक्टरीसारखी ट्राफल्गारच्या लढाईची पुण्याई पाठीशी नसलेलं हे जहाज नौदलाच्या लेखी शेकड्यातलं एक होतं.

१८६०च्या दशकात वाफेच्या आणि लोखंडी जहाजांनी शिडाच्या युद्धनौकांचे दिवस संपवले. अशा जुन्या जहाजांसाठी नौदलाने एक काम शोधून काढलं. व्यापारी जहाजांवरच्या खलाशांना राखीव दलात घेऊन तोफखान्याची कवायत द्यायची, आणि ती त्यांच्याच बंदरात जाऊन. ट्रिंकोमाली आधी संडरलँडला आणि तिथून वेस्ट हार्टलपूलला आलं. १८७७ पर्यंत ते तिथे होतं. गावाशी त्याचं नातं जडलं ते हे. पुढे ते साउदॅम्प्टनला गेलं, १८९५ मध्ये कवायतही थांबली आणि १८९७ मध्ये नौदलाने जहाज भंगारवाल्याला विकलं.

दुसऱ्याच्या नावाने नव्वद वर्षं

त्याच वर्षी जेफ्री व्हीटली कॉब नावाच्या श्रीमंत हौशी माणसावर संकट कोसळलं होतं. नेल्सनचं एकेकाळचं झेंडा-जहाज ‘फूद्रॉयां’ भंगारात निघालं होतं तेव्हा त्याने पदरचे पैसे घालून ते विकत घेतलं, दुरुस्त केलं आणि मुलांच्या प्रशिक्षणाचा खर्च निघावा म्हणून किनाऱ्याकिनाऱ्याने त्याचं प्रदर्शन मांडलं. जून १८९७ मध्ये ब्लॅकपूलच्या किनाऱ्यावर वादळात ते फुटलं. कॉबला दुसरं जहाज हवं होतं. त्याने भंगाराच्या वाटेवर निघालेलं ट्रिंकोमाली घेतलं आणि बुडालेल्या जहाजाचं नाव त्याला दिलं.

पुढची नव्वदेक वर्षं मुंबईचं हे जहाज ‘फूद्रॉयां’ या नावाने जगलं. सुरुवातीची काही दशकं फॅल्मथच्या खाडीत मुलगे त्यावर राहून दर्यावर्दीपणाचे धडे घेत. १९३१ मध्ये कॉब वारल्यावर त्याच्या पत्नीने जहाज हॅरल्ड वायली यांच्या स्वाधीन केलं. ते चित्रकार होते आणि जुन्या जहाजांचे जाणकारही. त्यांच्या काळात मुक्काम पोर्ट्समथला हलला. दुसऱ्या महायुद्धात नौदलाने त्याचा वापर केला, आणि युद्धानंतर सुट्टीतली शिबिरं पुन्हा सुरू झाली. तोवर मुलीही येऊ लागल्या होत्या. झुल्यात झोपायचं, पहाटे डेक धुवायचा, वल्ही मारायची, शिडाची लहान होडी हाकायची, असा दिनक्रम. इतिहास शिकवण्याचा तिथे आव नव्हता, पण शंभरी ओलांडलेल्या फळ्यांवर हजारो मुलांचे पाय रोज पडत होते आणि त्या फळ्यांची देखभाल होत होती.

देखभालीअभावी काय होतं याचा धडा जवळच घडला. पोर्ट्समथला याच जहाजाच्या जोडीला ‘इम्प्लेकेबल’ उभं असे. ट्राफल्गारच्या लढाईत ते फ्रेंचांच्या बाजूने लढलेलं, मग इंग्रजांनी जिंकलेलं, आणि कॉबने सांभाळलेलं. युद्धानंतर दुरुस्तीला पैसा कुणी देईना. डिसेंबर १९४९ मध्ये ब्रिटिश आणि फ्रेंच असे दोन्ही झेंडे लावून ते आइल ऑफ वाइटजवळ समुद्रात बुडवण्यात आलं. लोकांना ते झोंबलं. जुनी जहाजं वाचवण्याच्या ब्रिटनमधल्या चळवळीला या प्रसंगाने मोठी धार आली. फूद्रॉयां मात्र बचावलं, कारण त्यावर शाळा भरत होती.

१९८६ मध्ये ती शाळाही थांबली. लाकूड थकलं होतं, सुरक्षिततेचे नियम कडक झाले होते आणि शिबिरांचा खर्च पेलेनासा झाला होता. जहाज सांभाळणाऱ्या फूद्रॉयां ट्रस्टपुढे प्रश्न उभा राहिला: एवढं मोठं लाकडी जहाज दुरुस्त करायचं, तर ते काम येणारे हात कुठे आहेत?

हात हार्टलपूलला होते

हार्टलपूल म्हणजे खरं तर दोन गावं. समुद्रात घुसलेल्या भूशिरावरचं जुनं गाव, ज्याला तिथले लोक ‘हेडलँड’ म्हणतात. सातव्या शतकात संत हिल्डा व्हिटबीला जाण्याआधी इथल्या मठाची प्रमुख होती. तिच्या नावाचं दगडी चर्च आठशे वर्षांचं आहे. १२०१ मध्ये जॉन राजाने गावाला सनद दिली. बंदराभोवती तट उभा राहिला, आणि त्यातला सँडवेल दरवाजा आजही समुद्राकडे उघडतो. मधली दोन-अडीच शतकं गाव निपचित पडलं होतं. एकोणिसाव्या शतकात डरहॅमच्या खाणींतला कोळसा रेल्वेने किनाऱ्यावर येऊ लागला तसं बंदर जागं झालं. राल्फ वॉर्ड जॅक्सन या धडाडीच्या माणसाने पलीकडच्या अंगाला वेस्ट हार्टलपूल वसवलं आणि १८४७ पासून तिथे एकामागून एक गोद्या खोदल्या. मग जहाजबांधणी आली. विल्यम ग्रे यांच्या कारखान्यातून शेकडो वाफेची जहाजं निघाली. १६ डिसेंबर १९१४ रोजी जर्मन युद्धनौकांनी या गावावर तोफा डागल्या, शंभराहून अधिक माणसं मेली. हार्टलपूलच्या ह्यू बॅटरीवरच्या तोफांनी त्यांना उत्तर दिलं. १९६७ मध्ये दोन्ही गावं एका नगरपालिकेखाली आली, पण तोवर उतरती कळा लागली होती. ग्रे यांची गोदी १९६२ मध्ये बंद पडली आणि सत्तरच्या दशकात पोलादाच्या कारखान्यांवरही कुऱ्हाड आली. गोद्या रिकाम्या, हात रिकामे.

१९७९ मध्ये ब्रिटनचं पहिलं लोखंडी कवच असलेलं युद्धजहाज ‘वॉरियर’ दुरुस्तीसाठी हार्टलपूलला आणलं गेलं. इथे जागा होती, गोदी होती आणि जहाजावर काम केलेली माणसं घरी बसलेली होती. आठ वर्षं काम चाललं. सुतार, लोहार, दोरखंड ओवणारे, रंगारी असे अनेक जण तिथे तयार झाले, आणि काही जुने कारागीर पुन्हा हत्यारं धरू लागले. जून १९८७ मध्ये वॉरियर पोर्ट्समथला परतलं. जुलैमध्ये तिथूनच फूद्रॉयां हार्टलपूलला आलं. आधीचं काम संपलं म्हणून कारागिरांनी घरी बसायचं, त्याआधीच दुसरं दारात उभं.

पुन्हा ट्रिंकोमाली

खरं काम १९९० मध्ये सुरू झालं. जहाजाचं १८१७चं रूप द्यायचं की १८४५ नंतरचं, हा वाद अशा प्रत्येक कामात येतो. इथे सेवेतल्या काळाला महत्त्व देण्यात आलं आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावरचं रूप पुढे आलं. १९९२ मध्ये मूळ नाव परत मिळालं आणि ट्रस्टचंही नाव ‘एचएमएस ट्रिंकोमाली ट्रस्ट’ झालं. कामाची पद्धत सांगायला सोपी, करायला जिकिरीची: एक फळी काढायची, तपासायची, चांगली असेल तर परत बसवायची, कुजली असेल तेवढाच तुकडा बदलायचा. २००१ मध्ये काम पूर्ण झालं. खर्च झाला सुमारे एक कोटी पाच लाख पौंड. त्यात राष्ट्रीय लॉटरीतून वारशासाठी राखलेला पैसाही होता. पण लक्षात ठेवायची गोष्ट वेगळी आहे. सांगाड्याचं जवळजवळ दोन-तृतीयांश लाकूड मूळचंच राहिलं. एकशे ऐंशी वर्षं इंग्लंडच्या ओल्या हवेत उभं राहिलेलं मुंबईचं सागवान फारसं बदलावं लागलं नाही.

याच वर्गातलं ‘युनिकॉर्न’ हे जहाज स्कॉटलंडमध्ये डंडी इथे आहे. डोलकाठ्या कधीच न चढवता ते १८२४ पासून राखीव राहिलं. लीडा वर्गातली ही दोनच जहाजं आता उरली आहेत.

नवा ‘जुना’ धक्का

दुरुस्ती चालू असतानाच गोदीच्या आसपासचा भाग बदलायला लागला. पडीक गोद्यांच्या जागी मरिना, घरं, दुकानं असा विकासाचा आराखडा आला आणि १९९४ मध्ये ‘ऐतिहासिक धक्का’ खुला झाला. अठराव्या शतकातलं बंदर डोळ्यांपुढे उभं राहावं म्हणून शिंप्याचं दुकान, तलवारी बनवणाऱ्याचं दुकान, तुरुंग असा वाडा बांधला आहे. मधोमध पाणी आणि पाण्यात ट्रिंकोमाली. गावाच्या इतिहासाचं संग्रहालयही शेजारीच आहे, आणि हार्टलपूललाच १९३४ मध्ये बांधलेली ‘विंगफील्ड कासल’ ही चाकाची फेरी बोटही तिथेच बांधलेली असते.

यावर टीका होते, ती रास्तही आहे. त्या जागी अठराव्या शतकात असा धक्का कधी नव्हता. वेस्ट हार्टलपूलच मुळी एकोणिसाव्या शतकातलं. खरं जुनं बंदर दोन-तीन मैलांवर हेडलँडला आहे, जिथे तट, चर्च आणि तोफखाना बघायला तिकीट-खिडकीपाशी गर्दी नसते. पण या नकली दुकानांच्या मधलं जहाज अस्सल आहे, आणि त्याच्या पोटात उतरल्यावर नकलीपणाचा विसर पडतो. खालच्या मजल्यावर छत इतकं खाली की बहुतेक मोठ्या माणसांना वाकूनच चालावं लागतं. त्याच मजल्यावर खलाशांची जेवणाची मेजं टांगलेली. जेवण आणि झोप एकाच चौकोनात. कॅप्टनची खोली मागे, खिडक्यांची आणि उजेडाची. दोन-अडीचशे माणसं महिनोन्महिने अशी राहत, हे वाचून जे कळत नाही ते पाच मिनिटं वाकून उभं राहिलं की कळतं.

गावाला स्वतःवर हसताही येतं. नेपोलियनच्या काळात फुटलेल्या फ्रेंच जहाजातून किनाऱ्याला लागलेल्या माकडाला हेर समजून हार्टलपूलकरांनी फाशी दिली, अशी दंतकथा आहे. शेजारच्या गावांनी यावरून टोमणे मारले, हार्टलपूलने ते टोमणेच मिरवायला घेतले. गावाच्या फुटबॉल संघाचं बोधचिन्ह माकड आहे, आणि २००२ मध्ये त्या माकडाचा वेश घालणारा तरुण थेट निवडणुकीत महापौर झाला. पाहुण्यांना गावाकडे ओढायला अशी गोष्ट जाहिरातीपेक्षा जास्त उपयोगी पडते. शिडाच्या जहाजांची आंतरराष्ट्रीय शर्यत २०१० मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये या बंदरात थांबली, तेव्हा ट्रिंकोमालीच्या पलीकडे पुन्हा डोलकाठ्यांचं रान उभं राहिलं.

देखभाल संपत नाही

२०१६ मध्ये ऐतिहासिक धक्का रॉयल नेव्हीच्या राष्ट्रीय संग्रहालयाच्या कुटुंबात आला. ‘नॅशनल म्युझियम ऑफ द रॉयल नेव्ही, हार्टलपूल’ हे नाव त्याला तेव्हा मिळालं. पुढच्या वर्षी जहाजाला दोनशे वर्षं पूर्ण झाली. एका छोट्या ट्रस्टच्या जिवावर चाललेलं काम राष्ट्रीय संस्थेच्या ताब्यात गेल्याने निधीची थोडी शाश्वती आली, आणि गावाला हवी ती प्रतिष्ठाही.

पण लाकडी जहाज दुरुस्त होऊन ‘पूर्ण’ कधीच होत नाही. डोलकाठ्या, परबाणं, दोरखंड, सांधी बुजवणं, तांब्याचे पत्रे यांचा फेरा चालूच राहतो. ज्या गावात हे काम येणारे हात आहेत, त्या गावातच असं जहाज तगतं. हार्टलपूलने हे दोन्ही एकत्र सांभाळलं: जहाजाने कारागिरी जिवंत ठेवली आणि कारागिरीने जहाज.

मुंबईकडून पाहिलं तर ही वाटचाल आणखी एका जागी पोचते. जमशेटजींच्या काळातली डंकन गोदी आज भारतीय नौदलाच्या गोदीवाड्यात आहे. तिथे सहजी आत जाता येत नाही, तिकीट नाही, मार्गदर्शक नाही. म्हणून तिची आठवण हरवली असं वाटणं साहजिक आहे. पण ती गोदी वापरात आहे. दोनशेहून अधिक वर्षांनी तिच्यात अजूनही जहाजं दुरुस्तीला येतात. ट्रिंकोमालीला ज्याने वाचवलं त्यानेच तिलाही वाचवलं आहे: रोजच्या कामाने. हार्टलपूलने आपलं काम दाखवायचं ठरवलं म्हणून तिथे पाहुणे जातात. मुंबईलाही आपल्या गोदीची गोष्ट दाखवायची असेल तर दगडी फलकाच्या आधी तिथे काय बांधलं आणि ते कोणी बांधलं, हे सांगणारी एक दुपार मुलांसाठी उघडावी लागेल. उदाहरण द्यायला एक जहाज तयार आहे. ते अजून तरंगतं आहे.